पेटवणारा आणि विझवणारा

राजगृहाबाहेरील गुणशीलक चैत्यात भगवान महावीर विराजमान असताना कालोदायी अनगारांनी त्यांना एक प्रश्न विचारला. भगवती सूत्राच्या सातव्या शतकात तो संवाद आला आहे. कालोदायी मूळचे अन्यतीर्थिक. वाद घालता घालता शंका फिटली आणि त्यांनी दीक्षा घेतली. त्यांचा प्रश्न असा होता : सारख्याच बळाचे, सारखीच साधने बाळगणारे दोन पुरुष आहेत. त्यांतील एक अग्नी पेटवतो आणि दुसरा तोच अग्नी विझवतो. या दोघांपैकी अधिक कर्मबंध कोणाला?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जैन दर्शनात अग्नी हा निर्जीव पदार्थ नव्हे. तेउकायाचे असंख्य जीव त्यात आहेत. पाण्याने तो विझवावा तर अप्कायाची विराधना होते. मग विझवणाराही हिंसेचा धनी ठरतो. भगवंतांनी मात्र निःसंदिग्ध उत्तर दिले. अधिक कर्मबंध पेटवणाऱ्याला. तो अग्निकायाचा घात कमी करतो, परंतु पृथ्वी, पाणी, वायू, वनस्पती आणि त्रस अशा पाचही कायांच्या जीवांचा घात अधिक करतो. विझवणारा अग्निकायाचा घात अधिक करतो, पण उरलेल्या सर्व कायांचा कमी. विझवणारा सर्वथा निर्दोष आहे असे भगवंतांनी म्हटले नाही, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यांनी तारतम्य सांगितले. साधूंचा मार्ग निराळा. ते दोन्ही करीत नाहीत. श्रावकाचे अणुव्रत मात्र स्थूल हिंसेच्या त्यागाचे आहे आणि त्याच्या अंगणात घर जळत असेल, तर त्याला तारतम्यानेच पाऊल उचलावे लागते.

ते पाऊल प्रत्यक्षात कोण उचलतो, हा प्रश्न चिंचणीसारख्या गावात फारच जवळचा आहे.

पालघर जिल्ह्यात खाडीच्या उत्तर तीरावर चिंचणी आणि दक्षिण तीरावर तारापूर ही जोडगावे पूर्वापार व्यापाराची. नारळी, वाड्या, मासेमारी, किराणा-कापडाची पेढी आणि दागिन्यांचे ठसे कोरणारे डायमेकर, असा या किनाऱ्याचा उदीम. येथल्या कारागिरांनी घडवलेल्या डाया दूरदूरच्या सराफ बाजारांत जातात. १९६९ मध्ये तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले आणि बोईसरच्या बाजूला औद्योगिक वसाहत वाढत गेली. रसायने, औषधे, रंग, कापड, पोलाद असे शेकडो कारखाने तेथे उभे राहिले. चिंचणीच्या कित्येक घरांतील चूल या वसाहतीवर पेटते. व्यापारी कुटुंबांपैकी कोणी तेथे माल पुरवतो, कोणाची वाहने तेथे लागतात, कोणाचा स्वतःचा छोटा कारखाना आहे.

८ मार्च २०१८ च्या रात्री या वसाहतीतील एका रसायन कारखान्यात स्फोट झाला. तिघे दगावले आणि आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला. ११ जानेवारी २०२० च्या सायंकाळी दुसऱ्या एका कारखान्यात झालेल्या स्फोटाने किमान सात जणांचे प्राण घेतले. २१ ऑगस्ट २०२५ रोजी एका औषध कारखान्यातील वायुगळतीत चार कामगार गेले. तेथे ज्वाळा नव्हती, आवाजही नव्हता. मृतांत बहुतेक जण पोटासाठी दूरवरून आलेले. या तारखा किनाऱ्यावरील लोक आपसांत बोलताना सहज उच्चारतात, इतक्या त्या अंगवळणी पडल्या आहेत. अंगवळणी पडणे हेच खरे तर चिंतेचे.

औद्योगिक वसाहतीला स्वतःचे अग्निशमन केंद्र आहे. अणुवीज केंद्राची यंत्रणा वेगळी. डहाणू आणि पालघर येथे नगरपरिषदा आहेत. ग्रामपंचायतीच्या गावाला मात्र बहुधा स्वतःचा बंब नसतो. चिंचणीत एखाद्या दुकानाच्या पोटमाळ्याला आग लागली, तर मदत दहा-बारा किलोमीटरवरून यायची. रस्ता मोकळा असेल, दुसरीकडे त्याच वेळी आग लागलेली नसेल आणि दूरध्वनी करणाऱ्याने पत्ता नीट सांगितला असेल, तरीही पंधरा-वीस मिनिटे जाणारच. कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली बंदिस्त खोली पेट घेण्यासाठी तितका वेळ लागत नाही. धूर तर त्याही आधी भरतो आणि आगीत सापडलेली माणसे पुष्कळदा भाजून नव्हे, धुराने गुदमरून दगावतात. म्हणजे पहिली पंधरा मिनिटे गावाची. त्या वेळात जे होईल ते शेजारी करतील. किंवा करणार नाहीत.

शेजारी धावून येत नाहीत असे नाही. कोकणात कोणाच्या घराला आग लागली तर सगळा पाडा लोटतो, विहिरीपासून माणसांची रांग लागते, कळशा हातोहात पुढे जातात. उणीव धैर्याची नाही, शिक्षणाची आहे. तळणीच्या कढईतील पेटलेल्या तेलावर कोणीतरी पाणी ओततो आणि भडका छताला भिडतो. वीजप्रवाह चालू असताना कोणीतरी ओल्या हाताने बादली उचलतो. आत कोणी राहिले आहे काय, हे कोणी मोजत नाही. नंतर कोणाच्या तरी लक्षात येते. अलीकडे यात आणखी एक भर पडली आहे. दहा जण मदत करीत असतात आणि पन्नास जण मोबाईलवर चित्रण करीत बंबाच्या वाटेत उभे असतात.

जगात अनेक ठिकाणी या पंधरा मिनिटांसाठी गावोगावी स्वयंसेवकांची दले आहेत. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या खेड्यांत सुतार, शिक्षक, दुकानदार हेच अग्निशामक असतात; भोंगा वाजला की हातातले काम टाकून निघतात. व्यापारी वाचकांना सर्वांत जवळचे वाटेल ते उदाहरण चिली देशातील वाल्पाराईसो बंदराचे. डिसेंबर १८५० मधील मोठ्या आगीत तेथील बाजारपेठ होरपळली. दुसऱ्याच वर्षी बंदरातील व्यापाऱ्यांनी आणि रहिवाशांनी स्वयंसेवी दल उभारले. पुढे तेथे स्थायिक झालेल्या जर्मन, फ्रेंच, इटालियन मंडळींनी आपापली पथके काढली आणि एकाच शहराचे रक्षण वाटून घेतले. आजही त्या देशातील अग्निशामक वेतन घेत नाहीत. उलट पथकाची वर्गणी स्वतःच्या खिशातून भरतात. आपल्याकडील संघाच्या टीपेची आठवण व्हावी अशीच ही रीत. फरक एवढाच की तेथे वर्गणी भरणाराच रात्री दोन वाजता नळी धरून उभा असतो.

महाराष्ट्रात गावोगावची अशी स्वयंसेवी अग्निशमन दले रूढ झाली नाहीत. परंतु त्यांचे काम ज्यांत बसते अशा दोन संघटना आहेत. एक गृहरक्षक दल, म्हणजे होमगार्ड. मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत त्याची स्थापना झाली, ती नागरी अशांततेच्या काळात पोलिसांना साहाय्य म्हणून. दुसरी नागरी संरक्षण दलाची. १९६८ च्या कायद्यानुसार चालणाऱ्या या दलाच्या बारा सेवांत अग्निशमन, विमोचन, प्रथमोपचार, निर्वासितांची सोय, इतकेच नव्हे तर प्रेतांची विल्हेवाट यांचाही समावेश आहे. अणुवीज केंद्रामुळे तारापूर हे क्षेत्र मुंबई आणि उरण यांच्याबरोबर पहिल्या श्रेणीत गणले जाते. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्या यादीत तारापूरचे नाव पाहून अनेकांना आश्चर्य वाटले. आपण राहतो ते गाव राष्ट्राच्या दृष्टीने इतके जोखमीचे आहे, हे रोजच्या गल्ल्याच्या धांदलीत कोणाच्या ध्यानात नसते.

या दलांत पडणारे काम बाहेरून वाटते तसे शूराचे नसते. पुष्कळसे कंटाळवाणे असते. कोणत्या आळीत बंब कुठवर शिरतो, कोणती विहीर उन्हाळ्यातही आटत नाही, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत, कोणत्या दुकानात रॉकेल, रंग किंवा फटाके साठवलेले असतात, याची नोंद ठेवायची. अग्निशामक नळकांड्याची पिन ओढून, झोत ज्वाळांवर नव्हे तर आगीच्या बुडाशी कसा धरायचा, याचा सराव करायचा. आग लागल्यावर पहिल्यांदा मुख्य स्विच बंद करायचा, १०१ अथवा ११२ ला पत्ता खुणेसकट सांगायचा, एकाने चौकात उभे राहून बंबाला वाट दाखवायची, एकाने बाहेर आलेली माणसे मोजायची. धुरातून जाताना खाली वाकून, जमिनीलगत जायचे. आग आवाक्याबाहेर गेली की मागे फिरायचे, हेही शिकावेच लागते. आणि उत्साही तरुणाला सर्वांत कठीण जाणारा धडा हाच.

रासायनिक आगीत तर हा धडा प्राण वाचवणारा ठरतो. तेथे अप्रशिक्षित माणसाने धावून जाणे म्हणजे मृतांची संख्या एकाने वाढवणे. काही रसायनांवर पाणी पडले की ती अधिक चवताळतात. वायू कोणता आहे हे कळेपर्यंत स्वयंसेवकाचे काम एकच, लोकांना वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर नेणे. चिंचणीच्या बाबतीत वारा हा विषय पुस्तकी नाही. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणारा वारा रात्री पुष्कळदा उलटतो आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. वसाहत आत आहे, गाव किनाऱ्यावर आहे. रात्रीच्या दुर्घटनेचा धूर गाढ झोपलेल्या किनाऱ्याकडे येऊ शकतो, हे शाळकरी मुलालाही समजावून सांगता येते. सांगितले मात्र पाहिजे.

तसे सांगण्याची जबाबदारी कायद्याने कारखानदारावर टाकलेली आहे. भोपाळच्या १९८४ मधील संहारानंतर १९८९ साली घातक रसायनांविषयीचे नियम झाले. मोठा साठा असणाऱ्या कारखान्याने दर सहा महिन्यांनी आवारातील आपत्कालीन सराव घ्यावा, आवाराबाहेरील आराखड्याचा सराव वर्षातून एकदा व्हावा आणि परिसरातील रहिवाशांना धोक्याचे स्वरूप व करावयाची कृती आधीच कळवावी, असे ते नियम सांगतात. ज्या कुटुंबांचे कारखाने वसाहतीत आहेत त्यांना हे ठाऊक आहे. नोंदवहीत सराव दिसतो. शेजारच्या पाड्यावरील बाईला मात्र भोंग्याचा अर्थ माहीत नसतो. या दोहोंतील अंतर समाजातील कारखानदारांनीच मोजून पाहावे.

माल ठेवण्यातील हयगय किती महाग पडते, याची व्यापारी इतिहासातील नोंद १४ एप्रिल १९४४ ची आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात भरू नये, हे सामान्य शहाणपण युद्धाच्या घाईत बाजूला पडले. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. अग्निशामक आले, पाणी मारू लागले. जहाज बुडवावे की बाहेर काढावे याचा निर्णय होईना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. ६६ अग्निशामक कामावर असतानाच गेले. गोदीलगतची वखारी, धान्याची कोठारे, वस्त्या दिवसेंदिवस जळत राहिल्या आणि शेकडो नागरिक मृत्युमुखी पडले. त्या अग्निशामकांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. ज्यांनी गाठी आणि दारूगोळा एकत्र रचू दिला त्यांच्या चुकीची किंमत विझवणाऱ्यांनी चुकवली. कालोदायींच्या प्रश्नातील दोन पुरुष येथे समोरासमोर दिसतात. आणि पेटवणाऱ्याच्या हातात काडी असतेच असे नाही.

कोणाच्या गोदामात जिन्याखाली पुठ्ठ्याचे खोके रचलेले असतात, कोणाच्या दुकानाला एकच शटर असते आणि रात्री नोकर आत झोपतो, कोणी एका प्लगवर चार यंत्रे चालवतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमानुसार कायद्याखाली येणाऱ्या व्यापारी इमारतींच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्याला सादर करावयाचे असते. पुष्कळांच्या लेखी हा आणखी एक दाखला. प्रमाणपत्र घेतले जाते, नळकांडे मात्र मालाच्या ढिगामागे दडलेले असते आणि त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे काय, हे कोणी पाहत नाही.

वास्तविक जैन घराला ही सावधगिरी नवी नाही. तिचे नाव जयणा. चूल पेटवण्याआधी पुंजणीने ती झाडून घेणे, दिव्यावर काच ठेवणे, जळते निखारे उघडे न टाकणे, रात्री अग्नीचा वापर टाळणे, हे सर्व सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी आजींनी घालून दिलेले पाठ. जी आजी पतंग जळू नये म्हणून दिवा काचेत ठेवीत असे, तिच्या नातवाच्या गोदामातील उघडी वायर त्याच जयणेच्या कक्षेत येते. पाठशाळेत मुलांना षट्काय शिकवताना तेउकायाचा धडा येतोच. त्या दिवशी नळकांडे हाताळून दाखवले तर धडा पक्का बसेल. पर्युषणात आणि महोत्सवांत मंडप, रोषणाई आणि शेकडो माणसे एकत्र येतात. बाहेर पडण्याची दुसरी वाट कोणती, हे मंडप उभारताना ठरवणारा एक तरी कार्यकर्ता प्रत्येक संघात असावा.

याच चिंचणीच्या मातीतून राष्ट्रकूटकालीन ताम्रपट निघाले आहेत. त्यांतील शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या सुमाराचा ताम्रपट इंद्र तिसरा याच्या काळातील. संजाण प्रांताचा अधिकारी तेव्हा मधुमती या नावाने ओळखला जाणारा एक अरब मुसलमान होता. त्याने दोन प्रवाहांवर मोफत नावेची सोय केली आणि संजाण येथे अन्नछत्र घातले, असे त्यात कोरलेले आहे. अन्नछत्राला धान्य आणि तूप लागते. ते एकदा दान करता येते. नावेला मात्र नावाडी लागतो, आणि तोही रोज. समाजातील कुटुंबांनी अन्नछत्राची बाजू पिढ्यान्‌पिढ्या उत्तम सांभाळली आहे. पांजरपोळ, दवाखाने, पाणपोया, रुग्णवाहिका यांवर दात्यांची नावे आहेत. उद्या कोणी चिंचणीला बंब देऊ म्हटले तर देणगी आठवड्याभरात जमेल, यात शंका नाही. बंबावर बसणारे सहा जण जमायला किती दिवस लागतील?

दुकान सोडून जाता येत नाही, ही अडचण खरी आहे. हिशेबाला माणूस नसतो, मुले शिकायला पुणे-मुंबईला गेलेली असतात. परंतु गृहरक्षक दल किंवा नागरी संरक्षण यांत रोजची हजेरी नसते. प्राथमिक प्रशिक्षण, अधूनमधून सराव आणि प्रसंग पडला तर हाक, एवढीच अपेक्षा. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्री-पुरुषांना नागरी संरक्षणात नाव नोंदवता येते. व्यापाऱ्याकडे असलेली एक गोष्ट स्वयंसेवक दलांना नेहमी उपयोगी पडते : बाजारातील प्रत्येक दुकानात काय माल आहे, कोणाच्या मागच्या दाराची किल्ली कोणाकडे असते आणि कोणत्या घरात किती माणसे आहेत, हे त्याला तोंडपाठ असते. बोईसरहून येणाऱ्या प्रशिक्षित जवानाला ते ठाऊक नसते.

येत्या अग्निशमन सप्ताहात संघाच्या कार्यालयात एखादा प्रात्यक्षिक वर्ग ठेवायचा असल्यास जवळच्या अग्निशमन केंद्राला किंवा नागरी संरक्षण कार्यालयाला मार्चमध्येच पत्र द्यावे. त्या आठवड्यात त्यांना बोलावणी पुष्कळ असतात. वर्ग रविवारी सकाळी, दुकाने उघडण्याआधी ठेवावा आणि नोकरांनाही आवर्जून बसवावे, कारण आग लागते तेव्हा बहुधा तेच दुकानात असतात.